सराव छान झाला, पण शिकलं किती?

१९७०च्या दशकात ब्रिटनच्या टपाल खात्याला आपल्या पोस्टमनना टंकलेखन शिकवायचं होतं. पत्रांवर पोस्टकोड आले होते आणि ते छाननीच्या यंत्रात भरायला कळफलक लागत होता. ड्यूटीतले तास काढून शिकवायचं, तर रोज एक तास द्यावा की रोज चार तास बसवून झटपट उरकावं, असा प्रश्न होता. अ‍ॅलन बॅडली आणि लाँगमन या संशोधकांनी चार गट केले. एका गटाला दिवसातून एकदा एक तास, दुसऱ्याला एकेक तास दोनदा, तिसऱ्याला सलग दोन तास एकदा, चौथ्याला दोन-दोन तास दोनदा.

निकाल १९७८ साली छापून आले. रोज एक तास शिकणाऱ्यांना कळफलक हाताखाली यायला साधारण ३५ तास लागले, चार तासवाल्यांना साधारण ५०. काही महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हाही चार तासवालेच मागे पडले. पण शिकवणी कशी वाटली असं विचारल्यावर सर्वांत नाराज निघाला तो रोज एक तासवाला गट! त्यांचंही चुकलं नाही. आठवड्याचे पाच दिवस धरले तर ३५ तासांना सात आठवडे लागतात आणि ५० तास अडीच आठवड्यांत संपतात. दुसऱ्या गटातला सहकारी आपल्या कितीतरी आधी शिकून मोकळा झालेला दिसतो.

शिकण्याविषयीच्या सव्वाशे-दीडशे वर्षांच्या संशोधनातून एकच गोष्ट उचलायची झाली, तर ती ही: सराव करताना काम जितकं सहज होतं, त्यावरून किती शिकलो हे कळत नाही. पुष्कळदा उलटंच असतं. त्या क्षणाची कामगिरी लगेच दिसते. शिकणं मात्र काही दिवस मधे गेल्यावर, मदत काढून घेतल्यावर, प्रश्न जरा फिरवून विचारल्यावर दिसतं. शिकवणीवर्ग, पालक आणि खुद्द शिकणारा हे तिघंही बहुतेक वेळा पहिलीच गोष्ट मोजतात.

ही फारकत ठळकपणे समोर आली ती उंदरांच्या प्रयोगात. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी पेटीत कोंडलेल्या मांजरांवर प्रयोग करून १८९८ साली मांडलं की ज्या कृतीचा परिणाम चांगला मिळतो ती कृती पक्की होते. डी.एड.-बी.एड.च्या पुस्तकांत हीच ‘प्रयत्न-प्रमाद’ उपपत्ती. स्किनर यांचं साधक अभिसंधान (बक्षीस किंवा शिक्षेने वर्तन घडवणं) हा तिचाच पुढचा विस्तार. आता बक्षिसाशिवाय शिकणं होतच नसेल, तर खाणं न मिळालेल्या उंदराने काहीच शिकायला नको. १९३० साली टोलमन आणि हॉन्झिक यांनी उंदरांचा एक गट भुलभुलैयात दहा दिवस नुसताच फिरू दिला. त्यांच्या चुका फारशा घटल्या नाहीत. अकराव्या दिवशी शेवटी खाणं ठेवलं आणि बाराव्या दिवशी हा गट रोज खाणं मिळणाऱ्या उंदरांच्या बरोबरीला आला. रस्ता त्यांना आधीच ठाऊक झाला होता, तो दाखवायला कारण नव्हतं इतकंच.

पुढे बांडुरा यांनी दुसऱ्याचं बघून शिकण्यावर भर दिला, पियाजे यांनी मूल स्वतः अर्थ कसा रचतं त्यावर, व्हायगोट्स्की यांनी ‘मदतीने जमतं पण एकट्याने अजून जमत नाही’ अशा टप्प्यावर. टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या, बालमानसशास्त्रात या नावांच्या जोड्या लावाव्या लागतात, म्हणून ती एकमेकांची प्रतिस्पर्धी वाटतात. ती माणसं खरं तर वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं शोधत होती. या लेखापुरता प्रश्न एवढाच, की आज केलेला सराव महिन्याने हाताशी कसा उरेल.

सांगता येणं आणि करता येणं

१९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाच्या फेफऱ्यावर उपाय म्हणून त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा (नव्या आठवणी घडवणाऱ्या अवयवाचा) बराचसा भाग काढला गेला. त्यानंतर नव्या घटना त्याच्या लक्षात राहीनात. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. दोन रेघांच्या मधून पेन्सिल न्यायची, पण हात दिसणार फक्त आरशात. तीन दिवसांत त्याच्या चुका झपाट्याने कमी झाल्या. तरीही हे काम आपण पूर्वी केल्याचं त्याला आठवत नव्हतं. माहिती साठवणारी यंत्रणा आणि हाताला वळण लावणारी यंत्रणा मेंदूत बऱ्याच अंशी वेगळ्या आहेत, हे त्यातून पुढे आलं.

व्यवहारात याचे दोन परिणाम होतात. पोहण्यावरचे शंभर व्हिडिओ पाहून पोहता येत नाही, हा पहिला आणि सगळ्यांना ठाऊक असलेला. दुसरा कमी ठाऊक आहे: ज्याला उत्तम येतं त्याला ते सांगता येईलच असं नाही. २०१४ साली छापलेल्या एका अभ्यासात मिनिटाला सरासरी ७२ शब्द टंकणाऱ्यांना रिकाम्या कळफलकाचं चित्र दिलं आणि ८० सेकंदांत इंग्रजीची २६ अक्षरं जागच्या जागी भरायला सांगितली. सरासरी १५ बरोबर आली. रोज हजारो वेळा जी कळ बोटाने दाबली जाते, ती कुठे आहे हे डोक्याला सांगता येत नव्हतं. म्हणून निष्णात माणूस ‘हे असं करायचं, सोपं आहे’ म्हणतो तेव्हा तो लपवत नसतो. मधल्या पायऱ्या त्याच्या बोलण्याच्या आवाक्याबाहेर गेलेल्या असतात. नवशिक्याला बरेचदा सहा महिने पुढे असलेला विद्यार्थी अधिक नीट समजावतो तो त्यामुळेच.

कौशल्याचे तीन टप्पे आणि मधलं पठार

फिट्स आणि पोस्नर यांनी १९६७ साली केलेली विभागणी अजून वापरात आहे. मराठी टंकलेखनावर ती चपखल बसते. इनस्क्रिप्ट या संगणकावरच्या भारतीय लिपींच्या कळफलकात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. ‘क्या’ लिहायचं तर आधी क, मग पाय मोडायची कळ, मग य, मग काना. पहिल्या टप्प्यात हे सगळं मनाशी बोलत चालतं. वेग कमी, चुका ढोबळ, आणि शेजारी कोणी काही विचारलं की सगळं विसकटतं. या टप्प्यात लक्ष हीच सगळ्यांत तुटपुंजी गोष्ट असते, म्हणून फार वेळ सलग बसण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या टप्प्यात तुकडे जुळतात. ‘आहे’, ‘आणि’, ‘च्या’ ही एकेका झटक्यात येऊ लागतात आणि चुका बारीक होतात. तिसऱ्यात काम आपोआप चालतं. डोळे बोटांच्या तीन ते सात अक्षरं पुढे धावत असतात. टिमथी सॉल्टहाउस यांनी १९८४ साली मोजून दाखवलं की पुढची अक्षरं झाकली तर निष्णात टंकलेखकाचाही वेग कोसळतो. म्हणजे वेग एकट्या बोटांचा नाही, पुढचं आधी वाचून ठेवण्याचाही आहे. मजकूर एकेक अक्षर बघून टंकणारा कितीही घासला तरी एका मर्यादेपुढे जात नाही.

प्रगती सुरुवातीला झपाट्याने होते आणि मग मंदावते. मिनिटाला १० शब्दांवरून २० वर येणं आणि २५ वरून ३० वर जाणं यांत आकड्यांत पहिलं अंतर दुसऱ्याच्या दुप्पट आहे, पण दुसरं कापायला बरेचदा जास्त सराव लागतो. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठीचा ३० किंवा इंग्रजीचा ४० शब्द प्रतिमिनिट वेग मागतात. अनेक जण पंचविशीच्या आसपास अडकतात आणि आपल्या बोटांतच खोट आहे असं मानतात. १८९७ आणि १८९९ साली ब्रायन आणि हार्टर यांनी तार घेणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या वेगाचे आलेख काढले होते, त्यांत असंच पठार दिसलं. त्यांचं स्पष्टीकरण असं, की आधी अक्षरं ऐकण्याची सवय पक्की होते, मग शब्द, मग वाक्यांश. खालची पायरी पुरती आपोआप झाल्याशिवाय वरची चढता येत नाही. पुढच्या संशोधकांना दर वेळी पठार सापडलं नाही, तेव्हा ते अटळ आहे असं समजू नये.

पठारावर तोच उतारा तशाच आरामाच्या वेगाने पन्नास वेळा टंकणं निरुपयोगी. आपोआप झालेलं काम पुन्हा केल्याने बदलत नाही, कारण त्यात लक्ष घालायला जागाच उरलेली नसते. त्यापेक्षा आठवडाभराच्या चुका लिहून काढाव्यात. साधारणपणे त्या दहा-बारा जोड्यांतच घुटमळतात: जोडाक्षरं, रफार, ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी. फक्त त्या जोड्यांचे छोटे उतारे करावेत. त्याशिवाय दिवसातून दोन-तीनदा एकेक मिनिट नेहमीपेक्षा थोड्या जास्त वेगाने, चुका होऊ देऊन टंकावं. अडखळ नेमकी कुठे येते हे त्यात कळतं. उरलेला वेळ मात्र शुद्धतेला द्यावा.

डोक्यात एका वेळी मावतं किती

१९५६ साली जॉर्ज मिलर यांनी ‘सात अधिक-उणे दोन’ हा आकडा सांगितला. नंतरच्या मोजणीत तो खाली आला आणि आता चारच्या आसपास धरतात. चार सुट्या गोष्टी, याच्या पलीकडे एका वेळी मनात खेळवता येत नाही. मग तज्ज्ञ कसं निभावतो? चेस आणि सायमन यांनी १९७३ साली बुद्धिबळपटूंना खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवली. श्रेष्ठ खेळाडूने पंचवीसेक मोहऱ्यांपैकी सोळाच्या आसपास बरोबर परत मांडली, नवशिक्याने चारेक. मोहरी कशीही विखरून ठेवली तेव्हा मात्र हा फरक जवळपास नाहीसा झाला. तज्ज्ञाची स्मरणशक्ती मोठी नव्हती. त्याला दिसणारा प्रत्येक घटक मोठा होता: चार-पाच मोहऱ्यांची ओळखीची रचना त्याच्या मनात एकच जागा घेत होती.

यावरून जॉन स्वेलर यांनी १९८०च्या दशकात शिकवण्याविषयी एक निष्कर्ष काढला, जो ‘मुलांना स्वतः शोधू द्या’ म्हणणाऱ्यांना अजून खटकतो. नवशिक्याला थेट गणितं सोडवायला दिली, तर त्याच्या चारही जागा पुढची पायरी चाचपण्यातच भरून जातात आणि पद्धत लक्षात यायला काही उरत नाही. बीजगणितात, नुसती गणितं सोडवणाऱ्यांपेक्षा सोडवून दाखवलेली उदाहरणं अभ्यासणारे कमी वेळात आणि कमी चुका करून शिकले.

पण उदाहरण ‘वाचून’ हे होत नाही. पूर्ण सोडवलेलं एक उदाहरण घ्यावं आणि प्रत्येक ओळीशी थांबून ‘ही पायरी का?’ याचं उत्तर मोठ्याने द्यावं. लगेच त्याच धाटणीचं गणित सोडवावं. पुढच्या उदाहरणात शेवटची पायरी झाकून ती स्वतः करावी, त्यापुढच्यात शेवटच्या दोन, असं करत सुरुवातीपर्यंत यावं. आणि एकदा येऊ लागलं की उदाहरणं बंद करावीत, कारण ज्याला येतं त्याला तीच मदत अडथळा होते. कालयुगा आणि सहकाऱ्यांनी २००३ साली हा उलटा परिणाम नीट मांडला. वर्गात एकच पद्धत सर्वांना लावली की पुढची मुलं कंटाळतात आणि मागची बुडतात, त्याचं एक कारण हे.

आठवून काढणं, आणि मधे दिवस जाऊ देणं

हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून १८८५ साली विसरण्याचा आलेख दिला. निरर्थक अक्षरगटांच्या याद्या पाठ करायच्या, काही काळाने पुन्हा पाठ करायच्या आणि दुसऱ्या वेळी किती श्रम वाचले ते मोजायचं. वीस मिनिटांनी ५८ टक्के श्रम वाचत होते, तासाने ४४, दिवसाने ३४ आणि ३१ दिवसांनी २१. शिकवणीवर्गांच्या जाहिरातींत याचं ‘माणूस एका दिवसात दोन तृतीयांश विसरतो’ असं होतं, ते बरोबर नाही. हे आकडे अर्थहीन अक्षरांचे आहेत. आधीच्या ज्ञानाशी जुळलेली गोष्ट इतक्या वेगाने जात नाही. आलेखातली खरी गोम त्याच्या आकारात आहे: घसरण सुरुवातीलाच तीव्र, नंतर संथ. आणि महिन्याने ‘काहीच आठवत नाही’ असं वाटत असतानाही पाचवा हिस्सा श्रम वाचत होते.

ही घसरण अडवायला बहुतेक जण पुन्हा वाचतात. अभ्यासिकेत रंगीत पेनाने ओळी रंगवणं चालतं. डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा पद्धती पारखल्या, तेव्हा पुन्हा वाचणं आणि ओळी रंगवणं ही दोन्ही कमी उपयोगाच्या गटात गेली. स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास विखरून करणं ही दोन वरच्या गटात. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी दोन उतारे वाचले. मग प्रत्येकाने एक उतारा पुन्हा वाचला आणि दुसरा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचलेला उतारा पुढे: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिलेला पुढे: ५६ विरुद्ध ४२. फसगत कुठून होते ते या दोन ओळींत आहे. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं असं मन धरून चालतं.

करायचं ते असं. तीन-चार पानं वाचून पुस्तक मिटावं. कोऱ्या कागदावर दहा मिनिटं, जे आठवेल ते आपल्या शब्दांत लिहावं. मग पुस्तक उघडून राहिलेलं आणि चुकलेलं दुसऱ्या रंगाच्या शाईने भरावं. पुढच्या वेळी सुरुवात त्या रंगीत भागापासून करावी. इथे बिघडतं ते बहुधा तीन ठिकाणी. पहिलं, अडलं की दहा सेकंदांत पुस्तक उघडणं. सगळा फायदा त्या अडण्यात असतो, निदान मिनिटभर चाचपडावं. दुसरं, चूक तपासायचीच नाही. मग चुकीचंच पक्कं होतं. तिसरं, एकदा बरोबर आलं की तो प्रश्न गठ्ठ्यातून काढून टाकणं. कार्पिके आणि रोडिगर यांनी २००८ साली स्वाहिली या आफ्रिकी भाषेतले शब्द शिकवताना हेच तपासलं. एकदा आलेला शब्द पुढेही विचारत राहिल्यास आठवड्याने सुमारे ८० टक्के शब्द आठवत होते. एकदा आल्यावर विचारणं थांबवलं, तर जेमतेम ३५ टक्क्यांच्या आसपास.

दोन उजळण्यांमध्ये किती दिवस जावेत? सेपेडा आणि सहकाऱ्यांच्या २००८च्या मोठ्या अभ्यासात याचं उत्तर परीक्षा किती लांब आहे त्यावर ठरलं. परीक्षा आठवड्यावर असेल तर एका दिवसाचं अंतर उत्तम, महिना-सव्वा महिन्यावर असेल तर साधारण अकरा दिवस, सत्तर दिवसांवर किंवा वर्षभरावर असेल तर तीन आठवडे. त्या प्रयोगात दोनच बैठका होत्या. खऱ्या अभ्यासात उजळण्या जास्त होतात, तेव्हा पहिली दुसऱ्याच दिवशी आणि मग अंतर वाढवत न्यावं. मधे दिवस गेल्यावर थोडं विसरलेलं असतं आणि आठवायला जोर लागतो. हा जोरच आठवण पक्की करतो. पूर्ण विसरून जाण्याइतकं अंतर पडलं तर मात्र पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं.

एकच प्रकार सलग, की सरमिसळ

बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकात धड्याच्या एकेका भागाखाली सरावसंच असतो. त्यातली गणितं बहुधा एकाच पद्धतीची, आणि पद्धत कोणती ते मथळ्यानेच सांगितलेलं. धड्याच्या शेवटी संकीर्ण प्रश्नसंग्रह येतो, पण तोही त्याच धड्याचा. परीक्षेत मथळा नसतो. तिथे पहिलं काम असतं ते कोणती पद्धत लावायची हे ओळखण्याचं, आणि त्याचाच सराव झालेला नसतो. रोरर आणि टेलर यांनी २००७ साली चार प्रकारच्या घनाकृतींच्या घनफळाची गणितं दिली. एका गटाला प्रकारवार, दुसऱ्याला मिसळून. सरावाच्या वेळी प्रकारवार गट ८९ टक्के बरोबर, मिसळलेला ६०. आठवड्याने प्रकारवार गट २० टक्के, मिसळलेला ६३. असा वर्ग बाहेरून पाहणारा कोणीही पहिल्या दिवशी प्रकारवार शिकवणाऱ्या शिक्षकालाच शाबासकी देईल.

घरी हे करायला नवं पुस्तक लागत नाही. बारा गणितांच्या बैठकीत चार आजच्या भागातली, आठ मागच्या तीन-चार धड्यांतली, चिठ्ठ्या टाकून निवडलेली. सोडवण्याआधी प्रत्येकापुढे पद्धतीचं नाव लिहावं.

हाताच्या कौशल्यांतही तेच आढळतं. गुड आणि मॅगिल यांनी १९८६ साली बॅडमिंटनच्या तीन सर्व्हिस शिकवल्या. दिवसाला एकच प्रकार घोटणाऱ्यांपेक्षा तिन्ही उलटसुलट क्रमाने करणारे नंतरच्या चाचणीत सरस ठरले. त्याआधी १९७८ साली कर आणि बूथ यांनी लहान मुलांना न बघता छोटी पिशवी लक्ष्यावर टाकायला लावली होती. काहींनी तीन फुटांवरच सराव केला, काहींनी फक्त दोन आणि चार फुटांवर. चाचणी तीन फुटांची, आणि तिथे जिंकली ती तीन फुटांवर एकदाही सराव न केलेली मुलं. रिचर्ड श्मिट यांच्या मते मेंदू एकेक फेक पाठ करत नाही. किती जोर लावला की किती दूर जातं, याचा नियम तो काढतो, आणि नियम काढायला वेगवेगळी उदाहरणं लागतात.

तबल्याच्या तालमीत कायदा-पलटे आहेत ते नेमके याच जातीचे. ‘धाधा तिट धाधा तीना, ताता तिट धाधा धीना’ हा कायदा घ्यायचा आणि त्याच बोलांची जागा फिरवत पलटे करायचे, बाहेरचा बोल आणायचा नाही. बोल मोजके असतात पण क्रम सतत बदलतो. मात्र निकास (बोल काढण्याची हाताची रीत) बसायच्या आधीच पलट्यांवर उडी मारली, किंवा बराबरीत, म्हणजे मूळ लयीत, स्वच्छ वाजत नसताना दुगुन-चौगुन (दुप्पट-चौपट लय) धरली, तर चुकीचा हात पक्का होतो आणि तो मोडायला नव्याने शिकण्यापेक्षा जास्त कष्ट पडतात. सरमिसळीची मर्यादा इथेच आहे. अगदी नव्या माणसाने आधी एकच गोष्ट सलग करावी. दहातले सहा-सात प्रयत्न ठीक येऊ लागले की मिसळायला सुरुवात करावी. हा आकडा प्रयोगातला नव्हे, व्यवहारातला अंदाज आहे.

चूक कोणी आणि कधी सांगावी

दर प्रयत्नानंतर लगेच दुरुस्ती मिळणं उत्तम, असं वाटतं. विन्स्टीन आणि श्मिट यांनी १९९० साली हाताची एक ठरावीक हालचाल शिकवताना एका गटाला प्रत्येक प्रयत्नानंतर निकाल सांगितला, दुसऱ्याला निम्म्या प्रयत्नांनंतर. दुसऱ्या दिवशी कोणाला काहीच न सांगता चाचणी घेतली, तेव्हा निम्म्यावाले पुढे होते. सतत सांगितलं की शिकणारा आपली चूक स्वतः ओळखायला शिकत नाही, सांगणाऱ्यावर विसंबतो. म्हणून सुरुवातीला वरचेवर सांगावं, मग पाच प्रयत्नांत एकदा, आणि सांगण्याआधी ‘तुला काय वाटलं?’ असं विचारावं. टंकताना पूर्ण परिच्छेद न थांबता टंकावा, किती चुका झाल्या असतील याचा अंदाज मांडावा आणि मग मोजाव्यात. अंदाज आणि मोजणी जवळ येऊ लागली की स्वतःची चूक स्वतःला कळू लागली असं समजावं.

एकीकडे शिकलेलं दुसरीकडे चालतं का

फार कमी वेळा. ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ-फळं विकणाऱ्या मुलांना नुनेस, कॅराहर आणि श्लीमन यांनी विक्री करतानाच हिशोब विचारले. ९८ टक्के बरोबर. तेच हिशोब कागदावर मांडून दिले तर ३७ टक्के. शाळा-बाजार या दोन जागी तीच संख्या वेगळ्या रीतीने हाताळली जात होती. थॉर्नडाइक आणि वुडवर्थ यांनी १९०१ सालीच मांडलं होतं की दोन कामांत जेवढे घटक सारखे तेवढंच ज्ञान पुढे जातं. बुद्धिबळाने गणित सुधारेल किंवा पाठांतराने एकूण स्मरणशक्ती वाढेल, अशा आशा ठेवणाऱ्यांनी हे वाक्य जवळ ठेवावं.

कधी जुनं शिकणं नव्याच्या आडही येतं. रेमिंग्टनवर (जुन्या टंकयंत्राच्या कळफलकावर) शिकलेला माणूस इनस्क्रिप्टकडे वळतो तेव्हा पहिली वेलांटी दोन्हींकडे ‘एफ’च्याच कळीवर असते, पण ‘कि’ लिहिताना रेमिंग्टनमध्ये वेलांटी आधी आणि क नंतर, इनस्क्रिप्टमध्ये उलट. कळ तीच आणि क्रम वेगळा, म्हणून चुका नेमक्या तिथेच होतात. दोन्ही रोज थोडे थोडे वापरत राहण्यापेक्षा दीड-दोन महिने एकावरच राहणं बरं.

कामाच्या जागी शिकण्याचा क्रम कसा ठरतो, याचं सुरेख उदाहरण जीन लेव्ह यांना लायबेरियातल्या शिंप्यांकडे दिसलं. कपडा आधी बेततात, मग शिवतात, मग काजं-बटणं आणि इस्त्री. उमेदवाराला शिकवतात ते उलट: आधी हातशिलाई, बटणं, दुमड, मग मशीनवर शिवण, सर्वांत शेवटी कापणं. बटण चुकलं तर उसवता येतं, कात्री चुकली तर कापड गेलं. शिवाय तयार कपडा रोज हाताळून तो कसा दिसायला हवा हे आधीच डोळ्यांत बसलेलं असतं. कुठल्याही कामाची शिकवणी आखताना चूक कुठे स्वस्त पडते हे आधी पाहावं.

दोन प्रचलित समजुती झटपट उरकू. दहा हजार तासांचा आकडा एरिकसन आणि सहकाऱ्यांच्या १९९३च्या बर्लिनमधल्या व्हायोलिनवादकांच्या अभ्यासातून आला. सर्वोत्तम गटाची विसाव्या वर्षापर्यंतची ती सरासरी होती, उंबरठा नव्हे. त्यांचा मुद्दा तासांचा नव्हताच; उणीव हेरून, तिच्यावर बेतलेल्या, दमवणाऱ्या सरावाचा होता. २०१४ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तर अशा सरावाने माणसामाणसांतला फरक संगीतात २१ टक्के, खेळांत १८ टक्के उलगडला. बराच आहे, पण सगळा नाही. आणि ‘माझं मूल बघून शिकतं, त्याचं ऐकून शिकतं’ ही विभागणी: २००८ साली पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी पुरावा धुंडाळला, तेव्हा ज्याच्या त्याच्या शैलीप्रमाणे शिकवल्याने जास्त शिकतात असं दाखवणारं भक्कम काही हाती लागलं नाही. नकाशा सगळ्यांनीच बघून आणि राग सगळ्यांनीच ऐकून शिकायचा असतो.

शेवटी मोजणीबद्दल. वहीत त्या दिवसाचा सर्वोत्तम आकडा लिहू नये. दुसऱ्या दिवशी बसल्याबरोबर, हात गरम व्हायच्या आत केलेला पहिला प्रयत्न लिहावा: टंकलेखनात पहिल्या मिनिटाचे शब्द आणि चुका, गणितात मागच्या आठवड्यातली पाच गणितं, तबल्यात कायद्याचं पहिलं आवर्तन. हा आकडा आदल्या दिवशीच्या शेवटच्या आकड्यापेक्षा बहुधा कमीच येईल. तुलना करायची ती मागच्या आठवड्यातल्या अशाच पहिल्या प्रयत्नाशी. दोन आठवडे तो हलला नाही, तर सरावाचे तास वाढवण्याआधी तीन गोष्टी बदलून पाहाव्यात: बैठकांमधलं अंतर, सरमिसळ आणि दुरुस्ती किती वेळा मिळते ते. एका वेळी एकच बदलावी, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.